गारव्याची किंमत

गव्हाण फाट्यावरून न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांच्या रांगेत काही पांढऱ्या पेट्या वेगळ्या उठून दिसतात. त्यांच्या एका टोकाला शीतयंत्र बसविलेले असते आणि पोटात नाशिकची द्राक्षे किंवा गोठविलेली कोळंबी असते. 1989 साली हे बंदर सुरू झाले, तेव्हापासून अशा पेट्या या परिसराच्या परिचयाच्या झाल्या. परंतु हा गारवा ज्या द्रव्यावर चालतो, त्याचा इतिहास आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुंबईत बर्फ प्रथम आला तो जहाजातून. अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने 1833 साली तळ्यांवर गोठलेला बर्फ कलकत्त्यास धाडला. निघताना 180 टन असलेला हा माल चार महिन्यांच्या प्रवासानंतरही सुमारे 100 टन उरला होता. पुढल्याच वर्षी तो मुंबईस पोहोचला आणि जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले. पाहुण्यांना त्यामुळे सर्दी झाल्याची बातमीही त्या वेळी छापून आली होती. कालांतराने बर्फ यंत्राने बनू लागला आणि तो सातासमुद्रापलीकडून आणण्याची गरज संपली.

हे यंत्र चालते कसे? माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना आतली उष्णता बरोबर नेते. शीतयंत्राचे तत्त्व हेच आहे. मात्र यंत्र ती वाफ वाया जाऊ देत नाही. कॉम्प्रेसर तिला दाबतो, बाहेरच्या जाळीत ती उष्णता टाकून पुन्हा द्रवरूप होते आणि फिरून आत येते. अशा येरझारा घालणाऱ्या द्रव्यास शास्त्रज्ञ प्रशीतक म्हणतात. मेकॅनिक त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो.

आरंभीचे प्रशीतक मोठे घातक होते. ईथर पेट घेई, सल्फर डायऑक्साइड श्वास कोंडी, अमोनिया डोळे जाळी. बर्फाच्या कारखान्यांतून अमोनिया आजही वापरतात, परंतु घरात त्याला थारा देणे कठीण. म्हणून 1928 साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरीन व फ्लोरीन असलेला नवा वायू शोधला, तेव्हा जग हर्षभरित झाले. 1930 मध्ये मिजलींनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझविली. तो विषारी नाही, पेटतही नाही, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले. हाच ‘फ्रीऑन’ पुढे घरोघरच्या फ्रिजमध्ये शिरला.

मात्र जो वायू घरात निरुपद्रवी ठरला, तो आकाशात मारक ठरला. त्यातील क्लोरीन ओझोनचे कवच नष्ट करतो, असे मोलिना व रोलंड यांनी 1974 साली दाखवून दिले. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या विवराची वार्ता आली आणि 1987 मध्ये माँट्रियल करार झाला. भारत 1992 साली त्यात सामील झाला. बहुतेक राष्ट्रांनी शब्द पाळल्यामुळे ते विवर 2066 च्या सुमारास भरून येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पोप फ्रान्सिस यांनीही 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या यशाची दखल घेतली आणि त्याच पत्रात एअर कंडिशनरच्या वाढत्या हव्यासाविषयी सावधही केले.

तरीही प्रश्न सुटलेला नाही. नंतर आलेले काही वायू ओझोनला अपाय करीत नाहीत, पण पृथ्वीला तापवितात. आर-410ए हा वायू त्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 2,000 पट प्रभावी आहे. आर-32 सुमारे 675 पट. 2016 च्या किगाली दुरुस्तीने असे वायू कमी करण्याचे ठरले आणि भारताने 2021 साली तिला मान्यता दिली. गोदरेजने 2012 मध्ये प्रोपेनवर चालणारे एअर कंडिशनर बाजारात आणले. प्रोपेन हवा फारच थोडी तापवितो. मात्र तो ज्वालाग्राही असल्याने कारागीर प्रशिक्षितच हवा.

यात आपल्या हाती काय आहे? ‘गॅस संपला, भरून देतो,’ असे मेकॅनिक म्हणतो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात असावी. प्रशीतक पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कोठेतरी गळाला. आधी गळती शोधून बुजवावी, मगच नवा वायू भरावा. आणि जुने यंत्र मोडताना आतला वायू हवेत सोडू देऊ नये. आपल्या खोलीतील गारव्यासाठी पुढच्या पिढीच्या अंगणात ऊन वाढवून ठेवणे, हा काही न्याय नव्हे.