होल्डर तोच, बल्ब नवा

घरातली सगळ्यात कमी बदललेली विजेची वस्तू कोणती? माझं मत होल्डरला. दोन पिनांचा, दाबून फिरवायचा. बंदुकीला संगीन बसवतात तसा, म्हणून नाव बेयोनेट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात रूढ झाला आणि साहेबाबरोबर इकडे आला. अमेरिकेने एडिसनचे आटे घेतले, आपण पिना. व्यास 22 मिलीमीटर, तेव्हाही आणि आत्ताही.

या होल्डरमध्ये राहायचा तो पिवळा बल्ब, म्हणजे एकदम सोशिक प्राणी. तार तापते आणि उजेड पडतो, बास! 60 वॅटमधले जेमतेम पाच टक्के उजेडात जातात, बाकी सगळी उष्णता. आत सर्किटच नाही, मग तापून बिघडणार काय? काळजी घ्यायची ती शेडची. शेडवर 'कमाल 40 वॅट' असं लिहिलेलं असतं ते यासाठीच.

मग आलं लोडशेडिंग. जून 2005 मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण जन्माला आली आणि नंतरची काही वर्षं आमच्या संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद) आणि एकूणच मराठवाड्यात वीज नसण्याचंच वेळापत्रक पाठ असायचं. तेव्हा मी शाळेत होतो. 60 च्या जागी 15 वॅटचा सीएफएल लावला की इन्व्हर्टरवर पंखा जास्त वेळ चालतो, हे ज्ञान त्या काळात घरोघरी पोचलं. 2009 मध्ये केंद्राने 'बचत लॅम्प योजना' काढली: पिवळा बल्ब आणि 15 रुपये द्या, सीएफएल घ्या, उरलेली किंमत कार्बन क्रेडिट विकून वसूल. कल्पना भन्नाट होती, पण पुढे कार्बन क्रेडिटचे भाव कोसळले आणि एलईडीही आला.

पण गंमत बघा, सीएफएलच्या बुडातल्या प्लास्टिकमध्ये एक अख्खं सर्किट असतं. आता उष्णता बल्बलाच सोसेना. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. बंद काचेच्या गोळ्यात, होल्डर वर आणि नळी खाली असा टांगला, वर आमचा मे महिना... लोक मात्र कंपनीला शिव्या घालायचे. हाच नियम एलईडीलाही लागू. गोळा बंद असेल तर कमी वॅटचा किंवा बंद शेडसाठी चालतो असं लिहिलेलाच बल्ब घ्या. साध्या डिमरवर तर लावूच नका.

सीएफएलमध्ये काही मिलीग्रॅम पारा असतो. मिनामाता करारात असे बल्ब 2025 पर्यंत बंद करायचं ठरलं, तरी कुणाच्या तरी माळ्यावर दोन-चार असतीलच. काढताना नळी धरून पिळू नका, प्लास्टिकचं बूड धरा. फुटलाच तर खिडक्या उघडा, पंखा बंद करा आणि झाडू न मारता पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. बरणी ई-कचऱ्यात द्या, घंटागाडीत नको.

5 जानेवारी 2015 ला उजाला योजनेचा एलईडी आला. सरकारी खरेदीत 2014 च्या सुरुवातीला 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. घरोघरी एलईडी झाले आणि एक नवीन तक्रार ऐकू यायला लागली: "बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो."

दुकानदार म्हणतो बल्ब खराब. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. पिवळ्या बल्बची तार किरकोळ करंटला दाद देत नसे, एलईडी मात्र तेवढ्यावरही चमकतो. बटणात छोटा इंडिकेटर असेल किंवा लांबलचक वायरी शेजारून गेल्या असतील तर फारशी काळजी नाही. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असेल तर बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डरच्या पिनेत 230 व्होल्ट जिवंत! लोखंडी स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला हे कुठून कळणार?

आमचं घर सिडकोतलं, जुनं. दोन खोल्यांत हेच निघालं. किती वर्षं तसं होतं कुणास ठाऊक, पिवळ्या बल्बने कधी सांगितलंच नाही. वायरमनने पाऊण तासात बटणं फेजवर घेतली. तुमच्याकडे बल्ब मिणमिणत असेल तर टेस्टर घेऊन स्वतः वर चढू नका, वायरमनला बोलवा. आणि तोपर्यंत बल्ब बदलायचाच झाला तर नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद करा.