परातीची सवत

भोंगवलीच्या घरी पाव भाजायचा बेत ठरला. पण सौभाग्यवतींचे मनगट दुखरे. म्हणून मी मळणयंत्राचा इतिहास धुंडाळला. अमेरिकेतील हर्बर्ट जॉन्स्टनने एका पाववाल्याला चमच्याने पीठ घोटताना पाहिले आणि १९०८ साली विजेचे यंत्र योजले. घरगुती अवतार १९१९ सालचा, वजन सुमारे ३० किलो! (आमचा पाटा-वरवंटा बरा.) खुबी अशी की भांडे स्थिर, पाते स्वतःभोवती फिरते आणि उलट दिशेने भांड्यातही प्रदक्षिणा घालते. गोव्याचे पोदेर मात्र माडाची सूर घालून हातांनीच मळत.

दुकानदार वॅट सांगू लागला. मी विचारले, "घट्ट कणीक किती वेळ पेलेल?" स्वारी गप्प! अखेर जड बुडाचे, आकडीवाले यंत्र घेतले. परात मात्र सौभाग्यवतींनी माळ्यावर टाकू दिली नाही.