'प्रोफेशनली' वागायचं म्हणजे

मागच्या वर्षी अप्रेजलच्या वेळी मॅनेजर म्हणाला, "जरा प्रोफेशनली वागत जा." रिलीजची तारीख पाळणं जमणार नाही, असं मी क्लायंटला सरळ सांगून टाकलं होतं, एवढंच.

शब्दाचा माग काढला, तर तो थेट मठात निघाला. लॅटिन 'प्रोफितेरी' म्हणजे जाहीरपणे सांगणं. मध्ययुगीन युरोपात मठात शिरताना सर्वांसमक्ष घेतलेलं व्रत म्हणजे 'प्रोफेशन'. पुढे धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक हे तीन प्रतिष्ठित पेशे त्याच नावाने ओळखले जाऊ लागले.

इंग्लिश क्रिकेटमध्ये मात्र याच शब्दाची पत घसरली. १८०६मध्ये 'जंटलमन' विरुद्ध 'प्लेअर्स' सामने सुरू झाले. प्लेअर्स म्हणजे पैसे घेऊन खेळणारे, प्रोफेशनल. त्यांची ड्रेसिंग रूम वेगळी. स्कोअरकार्डावर हौशी साहेबांची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, यांची नंतर. (आपल्याला पंगतीतले भेद कळतात, हाही कळावा.) १९५२मध्ये लेन हटन कर्णधार झाला, तेव्हा प्रोफेशनल माणसाकडे इंग्लंडचं नेतृत्व आलं हीच मोठी बातमी होती. हा भेद कागदोपत्री मिटायला १९६२ साल संपत आलं.

आता ऑफिसात 'प्रोफेशनली' म्हणजे बहुतेकदा गप्प बसणं. मूळ अर्थ धरला, तर त्या कॉलवर मी अगदी प्रोफेशनलीच वागलो होतो. रिलीजही पुढे ढकललाच गेला.