बेडलिंग्टन टेरियर

बेडलिंग्टन टेरियर ही इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थंबरलंड परगण्यात विकसित झालेली कुत्र्याची एक जात आहे. कुरळी, लोकरीसारखी फिकट केसाळ त्वचा आणि माथ्यावरचा केसांचा झुबका यांमुळे हा कुत्रा प्रथमदर्शनी कोकरासारखा भासतो. हे रूप फसवे आहे. उंदीर, ससे, पाणमांजरे व बॅजर यांच्या शिकारीसाठी ही जात जोपासली गेली आणि त्या कामाला लागणारी चपळाई व झुंजार वृत्ती तिच्यात आजही टिकून आहे.

== इतिहास ==
या कुत्र्यांना पूर्वी रॉथबरी टेरियर म्हणत. रॉथबरी हे नॉर्थंबरलंडमधील डोंगराळ भागातले गाव. अठराव्या शतकात त्या परिसरात भटके कारागीर आणि जिप्सी लोक असे टेरियर बाळगीत. त्यांपैकी विली ॲलन हा बॅगपाइप वाजवणारा व पाणमांजरांची शिकार करणारा इसम आपल्या कुत्र्यांसाठी प्रसिद्ध होता. स्कॉटलंडच्या सीमेवरील डँडी डिनमाँट टेरियरशी या जातीचे जवळचे नाते मानले जाते. दोहोंच्या माथ्यावरचा झुबका त्याची साक्ष देतो. लांब पाय आणि कमानदार पाठ व्हिपेट या धावणाऱ्या कुत्र्याच्या संकरातून आली, असेही सांगितले जाते.

आजचे नाव रूढ झाले ते बेडलिंग्टन गावातील जोसेफ एन्स्ली या गवंड्यामुळे. त्याने आपल्या फीबी नावाच्या कुत्रीची जोडी रॉथबरी वंशाच्या एका कुत्र्याशी लावली. त्यातून 1825 मध्ये जन्मलेला पायपर हा ‘बेडलिंग्टन टेरियर’ म्हणवला गेलेला पहिला कुत्रा होय. पायपरविषयी अनेक आख्यायिका आहेत. चौदाव्या वर्षी दात पडलेले आणि दृष्टी अधू झालेली असतानाही, इतर कुत्रे हरल्यावर त्याने बॅजरला बिळाबाहेर ओढून काढले, ही त्यांतील सर्वांत लोकप्रिय. ती शब्दशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु त्या काळचे मालक कुत्र्याच्या कोणत्या गुणाला मान देत, हे तीवरून चांगले कळते.

बेडलिंग्टन हे कोळशाच्या खाणींचे आणि लोखंडकामाचे गाव. येथील कारखान्यात घडवलेले लोखंडी रूळ आरंभीच्या रेल्वेसाठी वापरले गेले. खाणकामगार आणि खिळे घडवणारे कारागीर यांना हा कुत्रा तिहेरी उपयोगाचा होता: तो उंदीर मारी, चुलीवरच्या भांड्यासाठी ससा आणी आणि सुटीच्या दिवशी पैजेच्या झुंजीत उतरे. पुढे सधन लोकांनी त्याला दिवाणखान्यात नेले. 1877 मध्ये या जातीचा राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. 1948 मध्ये अमेरिकेतील प्रतिष्ठित वेस्टमिन्स्टर श्वानप्रदर्शनात रॉक रिज नाइट रॉकेट या बेडलिंग्टनने सर्वोच्च मान मिळवला.

== वर्णन ==
खांद्यापाशी उंची सुमारे 41 सेंटीमीटर आणि वजन साधारण 8 ते 10 किलोग्रॅम असते. डोके निमुळते, कान लोंबते व टोकाशी गोंड्यासारखे केस असलेले, आणि मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब दिसणारे. रंग निळसर करडा, तपकिरी किंवा वाळूसारखा असतो. पिल्ले जन्मतः काळी अथवा गडद तपकिरी असून वाढत्या वयात त्यांचा रंग उजळत जातो. त्यामुळे काळे पिल्लू पाहून आपली फसवणूक झाली, असा नवख्या मालकाने ग्रह करून घेऊ नये.

== स्वभाव ==
घरात हा कुत्रा शांत, प्रेमळ आणि माणसांच्या सहवासाचा भुकेला असतो. इतर अनेक टेरियरांच्या तुलनेत तो कमी चंचल आहे. तथापि पळणारे लहान जनावर दिसताच तो हाका ऐकेनासा होतो, म्हणून मोकळ्या जागी त्याला पट्ट्याने बांधून फिरवणे इष्ट. तो सहसा आपणहून भांडण काढत नाही, पण दुसऱ्या कुत्र्याने डिवचले तर माघारही घेत नाही. शिकवणीत मारझोड केल्यास तो हट्टी बनतो.

== निगा ==
केस फारसे गळत नाहीत, पण वाढत राहतात. आठवड्यातून एकदोनदा विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी कातरणी लागते. रोज भरपूर चालणे आणि अधूनमधून मोकळे धावणे पुरेसे होते.

== तांब्याचा यकृतविकार ==
या जातीपुढील सर्वांत गंभीर प्रश्न हा आनुवंशिक विकार आहे. आहारातून आलेले जादा तांबे निरोगी कुत्र्याचे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. बाधित बेडलिंग्टनमध्ये हे कार्य बिघडते, तांबे यकृतात साचत जाते आणि अखेर यकृत निकामी होते. भूक मंदावणे, उलट्या, मरगळ व कावीळ ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात. खरी अडचण येथेच आहे: लक्षणे प्रकट होण्यापूर्वीच कुत्रा पैदाशीसाठी वापरला गेलेला असतो.

विकाराचे वर्णन 1975 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे दीर्घकाळ, यकृताचा तुकडा काढून तपासणे हाच निदानाचा खात्रीचा मार्ग होता. 2002 मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना, आज कॉमडी-1 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकातील एक भाग बाधित कुत्र्यांत गहाळ असल्याचे आढळले. दोष अप्रभावी असल्यामुळे तो दोन्ही पालकांकडून आला तरच विकार होतो. दोन वाहकांची जोडी लावल्यास प्रत्येक पिल्लू बाधित होण्याची शक्यता चारांत एक असते. जनुकचाचणीमुळे अशा जोड्या टाळता येतात. सर्वच वाहक पैदाशीतून वगळणे मात्र शहाणपणाचे नाही, कारण मुळातच लहान असलेल्या या जातीचा वंशपाया त्यामुळे आणखी आकुंचन पावतो. वाहकाची जोडी दोषमुक्त कुत्र्याशी लावल्यास बाधित पिल्ले जन्मत नाहीत. चाचणीही सर्वस्वी निर्णायक नाही. हा जनुकदोष नसलेल्या काही बेडलिंग्टनांतही तांब्याचा संचय आढळला आहे.

बाधित कुत्र्याला पशुवैद्याच्या देखरेखीखाली तांबे बाहेर काढणारी पेनिसिलामाइनसारखी औषधे किंवा तांब्याचे शोषण रोखणारे जस्ताचे क्षार देतात. काळीज व इतर तांबेयुक्त पदार्थ वर्ज्य असतात. तांब्याच्या भांड्यात साठवलेले पाणी, माणसांसाठी कितीही गुणकारी मानले जात असले, तरी अशा कुत्र्याला देऊ नये.