मुहेरिस्ता ईश्वरविज्ञान

अमेरिकेत राहणाऱ्या हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांच्या जगण्यातून उभी राहिलेली ख्रिस्ती मुक्तिवादी विचारधारा. 'मुहेर' या स्त्रीवाचक स्पॅनिश शब्दावरून तिला नाव मिळाले आणि १९८०च्या दशकात तिची मांडणी सुरू झाली. देवाविषयी बोलण्याचा अधिकार धर्मगुरू आणि प्राध्यापकांइतकाच भाड्याच्या खोलीत संसार रेटणाऱ्या बाईलाही आहे, हा तिचा पाया आहे.

या विचाराच्या प्रमुख प्रवर्तक आदा मारिया इसासी-दियाझ (१९४३–२०१२). हवानात जन्मलेल्या आदा मारिया क्यूबातील क्रांतीनंतर, १९६० साली निर्वासित म्हणून अमेरिकेत आल्या. काही वर्षे त्या उर्सुलाइन या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनी होत्या. १९६७ मध्ये त्या मिशनकार्यासाठी पेरूतील लिमा शहरात गेल्या. तिथल्या गरिबांच्या श्रद्धेत त्यांना अन्यायाशी झुंजण्याचे बळ दिसले. पेरूचेच गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचा मुक्तिवादी, म्हणजे गरिबांच्या मुक्तीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या, ईश्वरविज्ञानावरचा पायाभूत ग्रंथ १९७१ मध्ये निघाला. पुढे १९७५ साली स्त्रियांना धर्मगुरुपद मिळावे म्हणून डेट्रॉइटमध्ये परिषद भरली आणि आदा मारिया स्त्रीवादी चळवळीत ओढल्या गेल्या. पण गोऱ्या स्त्रीवादात वंश, भाषा, स्थलांतर यांना फारशी जागा नव्हती आणि मुक्तिवादी पुरुष विचारवंतांच्या 'गरीब' या शब्दात बाई हरवून जात होती. आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांनी लेखिका ॲलिस वॉकर यांच्याकडून 'वुमनिस्ट' हे नाव घेऊन आपली वेगळी वाट धरली होती. हिस्पॅनिक स्त्रियांनाही स्वतःचे नाव हवे होते.

आधी संघटना, मग ग्रंथ असा हा क्रम आहे. हिस्पॅनिक कॅथलिक धर्मभगिनींनी १९७१ मध्ये टेक्ससमधील ह्यूस्टन येथे 'लास एर्मानास' ही संघटना काढली. तिच्यात पुढे इतर स्त्रियाही आल्या. याच वर्तुळातल्या योलांदा तारांगो यांच्यासोबत इसासी-दियाझ यांनी १९८८ मध्ये 'हिस्पॅनिक विमेन : प्रोफेटिक व्हॉइस इन द चर्च' हे पुस्तक लिहिले.

या पुस्तकाची पद्धतच महत्त्वाची. लेखिकांनी सामान्य स्त्रियांना बोलते केले : देव कुठे भेटतो, कोणाची प्रार्थना करता, कठीण निर्णय कसा घेता? उत्तरे त्यांच्याच शब्दांत छापली. अनेकींच्या बोलण्यात कुमारी मारिया आणि संत यांच्याशी घरोबा दिसतो. घरातल्या छोट्या वेदीवर मेणबत्ती लावणाऱ्या बाईच्या अशा भक्तीला वरिष्ठ धर्मवर्तुळात अडाणीपणाचा शिक्का सहज बसे. इथे तिला ज्ञानाचे मोल मिळाले. स्त्रियांच्या एकत्र बैठकांत आपबीती सांगणे, तिची चिकित्सा करणे, त्यातून उपासना रचणे आणि पुढची कृती ठरवणे अशी वाटचाल असे. इसासी-दियाझ यांच्या 'एन ला लुचा' (१९९३) या प्रमुख ग्रंथात प्रकरणांचे सारांश स्पॅनिशमध्येही दिले आहेत, कारण ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते वाचता यायला हवे.

दोन संकल्पना कळीच्या आहेत. 'लो कोतिदियानो' म्हणजे रोजचे जगणे : या महिन्यात भाडे भरायचे की डॉक्टरकडे जायचे, मुलांशी घरात कोणत्या भाषेत बोलायचे. अशा निर्णयांतच नीतीचा कस लागतो. 'ला लुचा' म्हणजे झगडा. सोसणे हीच बाईची पुण्याई, ही शिकवण इसासी-दियाझ यांनी ठामपणे नाकारली. आयुष्याच्या केंद्रस्थानी दुःख नसून त्याच्याशी चाललेली झुंज आहे, असे त्या मानत. 'देवाचे राज्य' या राजेशाही प्रतिमेऐवजी त्या देवाच्या आप्तगणाची, गोतावळ्याची भाषा वापरत.

१९९१ पासून २००९ पर्यंत त्यांनी न्यू जर्सीतील ड्र्यू विद्यापीठात अध्यापन केले, पण त्यांची उपासना ईस्ट हार्लेममधल्या 'अवर लेडी क्वीन ऑफ एंजल्स' या चर्चमधल्या लोकांसोबत असे. २००७ मध्ये न्यूयॉर्क महाधर्मप्रांताने ते चर्च बंद केले, तेव्हा तिथले लोक रविवारी बाहेर फूटपाथवर प्रार्थनेला जमू लागले. आदा मारिया त्यांच्यातल्याच एक होत्या. त्यांचा विचार समजून घ्यायला हा फूटपाथ त्यांच्या ग्रंथांइतकाच उपयोगी आहे.

सर्वांत धारदार टीका घरातूनच झाली. मेक्सिकन ईश्वरविज्ञ मारिया पिलार आकिनो यांचा आक्षेप असा की, स्वतःला मुहेरिस्ता म्हणवणारी चळवळ समाजात नाही. लॅटिन अमेरिकी स्त्रियांना स्त्रीवादाची स्वतःची परंपरा असताना ते नाव सोडायचे कशाला? आक्षेप वजनदार आहे. मात्र सामान्य बाईचे बोलणे ईश्वरविज्ञानाचा मूळ स्रोत मानण्याची पद्धत त्याने बाद होत नाही. आकिनो, डेझी मचाडो आणि जनेट रॉड्रिगेझ यांनी २००२ मध्ये संपादित केलेला लेखसंग्रह 'अ रीडर इन लॅटिना फेमिनिस्ट थिऑलॉजी' या नावाने निघाला. आज दोन्ही नावे शेजारीशेजारी वापरात आहेत.