शंभर वर्षांची अट आणि भिवंडीची लादी

भिवंडीत यंत्रमाग, गोदामं आणि ट्रक यांपलीकडे पाहण्यासारखं काही नाही, असं जाणकारही म्हणतात. फार तर जुनी लाकडी घरं आणि प्रार्थनास्थळं ते मान्य करतात. 1950 नंतर सिमेंटात उभं राहिलेलं सगळं त्यांच्या लेखी कुरूप. हे मत मला मुळातच चुकीचं वाटतं. त्याने नुकसानही होतं आहे.

निजामपुऱ्यापासून कासार आळीपर्यंत जी जुनी घरं उरली आहेत, त्यांच्या ओट्यांकडे नीट पाहावं. काळ्या-तांबड्या लाद्यांचे चौकोन, जिन्याच्या पायऱ्यांवर घासून गुळगुळीत केलेलं मोझॅक, गॅलरीला सिमेंटची जाळी. या जाळीतून वारा येतो, ऊन अडतं आणि घरातल्यांना रस्ता दिसला तरी रस्त्यावरच्याला घर दिसत नाही. गरजेतूनच नक्षी निघावी, हाच आधुनिक वास्तुविचाराचा गाभा, आणि तो इथे मिस्त्रीच्या हाताने उतरला आहे.

याला वारसा म्हणण्यावर पहिला आक्षेप वयाचा. केंद्राच्या 1958 च्या पुरातत्त्व कायद्यात प्राचीन स्मारकाला किमान शंभर वर्षांची अट आहे, म्हणजे 1955 चा ओटा 2055 पर्यंत थांबणार. पण 1938 चं इरॉस चित्रपटगृह ज्या परिसरात आहे, त्या मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना युनेस्कोने 2018 मध्येच जागतिक वारसा मानलं. तेव्हा इरॉसला ऐंशी वर्षं झाली होती.

दुसरा आक्षेप नकलेचा: हे सगळं पाश्चात्त्यांकडून उचललेलं, वर यंत्राचं काम. तंत्र युरोपातून आलं हे खरं. पण सिधवा कुटुंबाने 1922 मध्ये मुंबईत भारत टाइल्स काढली ती आयात मालाला देशी पर्याय म्हणून. शिवाय सिमेंटची लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या साच्यातल्या एकेका कप्प्यात कारागीर रंगीत सिमेंट ओततो, साचा अलगद उचलतो, वर कोरडा थर देऊन दाब देतो आणि मग ती पाण्यात मुरवतो. हात जरा हलला की रंग एकमेकांत मिसळतात. गच्चीवरच्या चायना मोझॅकचीही तीच कथा. फुटक्या चिनीमातीच्या कपच्या बसवून केलेलं वास्तुकार गाउदीचं बार्सिलोनातलं काम 1984 पासून जागतिक वारसा आहे; आपल्याकडे त्याच पद्धतीने गच्ची थंड राखणाऱ्याला आपण गवंडी म्हणून विसरतो.

इथे समर्थकांचंही एक म्हणणं खोडायला हवं. मागावरच्या चौकड्याच लादीत उतरल्या, असं कुणी म्हणतं. ऐकायला सुंदर, पण पुरावा नाही. असल्या लाद्या माग नसलेल्या गावांतही आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. सप्टेंबर 2020 मध्ये याच शहरात जिलानी इमारत कोसळून अनेक जीव गेले. अशा ठिकाणी लादीचं कौतुक कसलं? माणसांच्या जिवापुढे लादीची किंमत शून्य, यात वादच नाही. धोकादायक घर उतरवलंच पाहिजे. मात्र उतरवण्याआधी ओट्याचे, जिन्याचे, जाळीचे फोटो आणि मापं घेतल्याने कुणाचा जीव धोक्यात येत नाही. चुन्यावर बसवलेली लादी तर सुटीही निघते. म्हणून घरमालकांना आणि महापालिकेला विनंती: पाडकामाच्या परवानगीसोबत ही नोंद बंधनकारक करा, आणि निघालेल्या लाद्यांपैकी काही शहरातच ठेवा.