तोतया आणि दुसरी खूण

एखादा मनुष्य आपण अमुक आहों असें सांगतो, तेव्हां तो खरोखर तोच आहे किंवा नाहीं हें ठरवावें कसें, हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याच्या चुकीच्या उत्तरानें राज्यें हादरल्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत. जेथें सर्व माणसें एकमेकांस तोंडानें ओळखतात तेथें हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. पाटील-कुलकर्ण्यांच्या गांवीं परक्याची चौकशी वेशीवरच होई, आणि घरच्या माणसावर आपण कोण हें सिद्ध करण्याचा प्रसंगच येत नसे. आमचें वास्तव्य ज्या नव्या मुंबईंत आहे तिची गोष्ट निराळी. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, आणि मिठागरें, भातखाचरें व आगरी-कोळ्यांचीं गांवें यांच्या मधून वाशी, नेरूळ, बेलापूर हीं वसाहतींचीं नगरें उभीं राहिलीं. येथें शेजाऱ्याचें नांव पुष्कळदां दारावरच्या पाटीवरूनच कळतें. त्याहिपलीकडची गोष्ट अशी कीं, ज्या बँकेंत एखाद्या निवृत्त शिक्षकाची जन्माची पुंजी असते ती बँक आतां त्याचें तोंडहि पाहत नाहीं. त्यानें टंकलेल्या आठ-दहा अक्षरांवरून ती त्यास ओळखते. आणि तींच अक्षरें दुसऱ्या कोणीं टंकलीं तर त्या दुसऱ्यासहि तितक्याच आदरानें आंत घेते.

म्हणून एका खुणेवर दार उघडूं नये, तिच्या जोडीस निराळ्या जातीची दुसरी खूण मागावी, असा नियम आतां सर्वत्र रूढ होत आहे. यास द्विस्तरीय पडताळणी असें नांव पडलें आहे. पुष्कळांस हा परदेशी यंत्रांनीं आणलेला नवा जाच वाटतो. आमच्या मतें तो नवाहि नाहीं व जाचहि नाहीं. या नियमाचें शहाणपण आणि तो ढिला पडल्याचें फळ, हीं दोन्ही महाराष्ट्राच्या इतिहासांत जवळजवळ सांपडतात. प्रथम फळ पाहूं.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजीं सदाशिवरावभाऊ पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तांतांत, भाऊंचें शव अंगावरील जुन्या खुणांवरून ओळखलें गेल्याची हकीकत आहे. परंतु पुण्यास ही वार्ता निःसंशय अशी पोंचली नाहीं. आणि पोंचली तरी ती खरी मानण्यास अनेकांचें मन धजेना. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं १७८३ सालीं मृत्यु येईपर्यंत सौभाग्यचिन्हें उतरविलीं नाहींत. या संशयाच्या फटींतून एक कनोजी ब्राह्मण शिरला. त्याचें रूप भाऊंशीं मिळतें होतें, आणि तेवढ्या भांडवलावर तो आपणांस भाऊसाहेब म्हणवूं लागला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत त्यास धरून चौकशी करण्यांत आली, तो तोतया ठरला, व कैदेंत पडला. येथपर्यंत व्यवस्था चोख होती. पुढें १७७२ सालीं माधवराव वारले, १७७३ सालीं नारायणरावांचा खून झाला, गादीवर सवाई माधवराव हें तान्हें मूल, आणि रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास, अशी धामधूम उडाली. या धामधुमींत १७७६ सालीं रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्या कैद्यास बाहेर काढून खरा भाऊ म्हणून उभें केलें. कोंकणांतील किल्ले एकामागून एक त्याच्या स्वाधीन झाले, हजारों लोक त्याच्या निशाणाखालीं जमले, आणि बोरघाटापर्यंत त्याची मजल गेली. कारभाऱ्यांस फौजा धाडून त्याचा मोड करावा लागला. समुद्राच्या वाटेनें पळतांना तो आंग्र्यांच्या हातीं लागला, आणि त्याच सालच्या डिसेंबरांत पुण्यास त्यास हत्तीच्या पायीं देण्यांत आलें. न. चिं. केळकर यांनीं ‘तोतयाचें बंड’ हें नाटक याच प्रकरणावर रचलें आहे.

या माणसापाशीं होतें काय? एक चेहरा. त्याच्या जोडीस दुसरा पुरावा मागावा असें बहुतेकांस वाटलें नाहीं, कारण तो भाऊच असावा अशी ऐकणाऱ्यांची इच्छा होती. प्रकरणाचें मर्म आमच्या मतें येथें आहे. तोतया स्वतःच्या कौशल्यावर जितका जगतो त्याहून अधिक समोरच्याच्या इच्छेवर जगतो. दुसरी खूण मागावयाची ती परक्याचा अपमान करण्यासाठीं नव्हे, तर आपल्याच मनाच्या ओढीस आवर घालण्यासाठीं. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. जो एकदां कसोटीस लागून खोटा ठरला होता त्याचें दार उघडण्यास एका अधिकाऱ्याची मर्जी पुरली. ती मर्जी भ्रमानें फिरली कीं लोभानें, याचा वाद निष्फळ आहे. व्यवस्था अशी असावी कीं एकाची मर्जी फिरली तरी दार उघडूं नये.

शिवकालीन राज्यव्यवस्थेनें हें पुरतें ओळखलें होतें. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत, १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत, प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे समान दर्जाचे तीन अधिकारी असावे आणि तिघांनीं मिळून कारभार करावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. एकजण फितला तरी गड जाऊं नये हा त्यांतील हेतु. आमच्या बेलापुरासहि एक किल्ला होता. पनवेलच्या खाडीच्या मुखाशीं त्याचे अवशेष अद्याप उभे आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ पासून इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. अशा किल्ल्यांच्या पहाऱ्यावर रात्रीं आपला कोण व परका कोण हें ओळखण्यासाठीं जो ठराविक शब्द असे, तोच ‘परवलीचा शब्द’ आज मराठींत पासवर्डास प्रतिशब्द म्हणून चालतो. परंतु या शब्दाचा स्वभाव चमत्कारिक आहे. तो एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं पडला कीं दोघांचाहि होतो. दागिना चोरीस गेला तर पेटी रिकामी दिसते. परवलीचा शब्द चोरीस गेला तरी मूळ धन्यापाशीं तो जसाच्या तसा शिल्लक राहतो, आणि म्हणून चोरी झाल्याचें त्यास कळतच नाहीं.

दफ्तरांतहि हीच दक्षता होती. राजपत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटे, आणि मजकूर संपला म्हणजे त्याच्या अखेरीस मोर्तब होई. मोर्तबाच्या खालीं कोणीं कांहीं अक्षर घुसडलें तर तें राजाचें नव्हे हें उघड दिसे. शिवाय, राज्याभिषेकसमयींचा म्हणून प्रसिद्ध असलेल्या कानुजाबत्यांत, सचिवानें राजपत्रें शोधून, अधिकउणें अक्षर शुद्ध करून, त्यांवर आपलें संमतीचें चिन्ह करावें असें सांगितलें आहे. शिक्कामोर्तब हा आज आपण एकच शब्द समजतों. मुळांत त्या दोन निराळ्या खुणा आहेत. येथें ओळख पटवावयाची ती माणसाची नसून पत्राची होती, हें खरें. तत्त्व मात्र तेंच. बँकेच्या लॉकरास एक किल्ली बँकेची व एक खातेदाराची लागते, तेंहि याच घराण्यांतलें आहे.

आतां यंत्रांकडे वळूं. अमेरिकेंतील एम्. आय्. टी. या संस्थेंत १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखालीं एकच संगणक अनेकांनीं वांटून वापरण्याची योजना झाली, तेव्हां प्रत्येकास स्वतंत्र पासवर्ड देण्यांत आला. १९६२ सालीं ॲलन शेर नांवाच्या संशोधक विद्यार्थ्यानें, आपल्या वांट्याचा वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच त्या यंत्राकडून छापवून घेतली. कुलूप नवें असतांनाच उघडलें गेलें तें असें. १९६७ सालीं लंडनच्या उत्तरेस एन्फील्ड येथें बार्क्लेज बँकेनें पैसे देणारें यंत्र बसविलें. त्यांत एक खास कागदी चेक घालावा लागे, आणि चार आंकडी गुप्त संख्याहि द्यावी लागे. हातांतली वस्तु एक, मनांतली संख्या दुसरी. १९८७ सालीं एच्. एस्. बी. सी. बँकेनें मुंबईंत भारतांतील पहिलें एटीएम् उभारलें, तेव्हां कार्ड व पिन यांची हीच जोडी आपल्याकडे आली.

घरबसल्या खरेदी सुरू झाली आणि ही जोडी तुटली. कार्डावर छापलेले आंकडे कळविले कीं काम भागे. आणि जें छापलेलें आहे तें कोणींहि उतरून घ्यावें. तेव्हां रिझर्व्ह बँकेनें १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकानें, १ ऑगस्ट २००९ पासून अशा व्यवहारांत कार्डावर न दिसणारी आणखी एक खूण मागणें बँकांवर बंधनकारक केलें. युरोपीय संघांत या स्वरूपाचा नियम २०१९ सालीं अंमलांत येऊं लागला, हें लक्षांत घेतां या बाबतींत आपण मागें नव्हतों असें म्हणण्यास हरकत नाहीं.

खुणांचे वर्ग तीन मानतात: मनुष्यास ठाऊक असलेली, त्याच्याजवळ असलेली, आणि त्याच्या देहाची. दोन खुणा निरनिराळ्या वर्गांतल्या असल्या तरच त्या दोन. एकाच वहींत लिहून ठेवलेले दोन पासवर्ड ही एकच खूण होय. लघुसंदेशानें येणारा ओटीपी हा दुसऱ्या वर्गांतला, कारण तो ज्याच्याजवळ सिम आहे त्यासच मिळतो. याहून बळकट रीत ऑथेंटिकेटर ॲपची. आरंभीं एकदांच मोबाईल व सेवा देणारी संस्था यांच्यांत एक गुप्त संख्या ठरते. पुढें दोन्ही बाजू ती संख्या व घड्याळांतील वेळ यांचें एकाच रीतीनें गणित करून, सामान्यतः दर तीस सेकंदांस, नवें सहा आंकडी उत्तर काढतात. उत्तरें जुळलीं तर दार उघडतें. संदेश कोठून यावयाचा नसल्यामुळें तो वाटेंत कोणी अडवूंहि शकत नाहीं.

मग फसवणूक कां थांबत नाहीं? कारण ओटीपी सिमच्या मागें जातो, माणसाच्या मागें जात नाहीं. खोट्या कागदांवर कोणीं त्याच क्रमांकाचें दुसरें सिम मिळविलें तर खऱ्या धन्याचा मोबाईल मुका होतो, आणि संख्या भलत्याच्या हातीं पडते. याहून नेहमींचा प्रकार साधा आहे. फोन येतो, बोलणारा आपणांस बँकेचा, वीज कंपनीचा किंवा पोलिसांचा अधिकारी म्हणवितो, खातें बंद पडेल, वीज तुटेल, अटक होईल, अशी भीति घालतो, आणि घाबरलेले गृहस्थ आलेली संख्या स्वतःच्या तोंडानें वाचून दाखवितात. ॲपमधील संख्याहि अशीच काढून घेतां येते. हा रत्नागिरीचाच प्रसंग पुन्हा घडला म्हणावयाचा. कुलूप मजबूत होतें. दार राखणाऱ्यानें तें आपल्या हातानें उघडलें.

यावरून असें दिसतें कीं, जी खूण धन्याच्या तोंडून काढून घेतां येते ती अपुरी; जी धन्यासहि दुसऱ्यास देतां येत नाहीं ती उत्तम. अशी खूण आतां सांपडली आहे. तिला पासकी म्हणतात. बोटाएवढ्या स्वतंत्र वस्तूच्या रूपांतहि ती मिळते. हिच्यांतील गुप्त किल्ली संस्थेकडे कधींच पाठविली जात नाहीं. संस्था प्रश्न करते, किल्ली त्यावर सही करून उत्तर देते. आणि तें उत्तर ज्या संकेतस्थळासाठीं ती घडविली त्याच नांवास देते. हुबेहूब दिसणारें खोटें दार समोर आलें तर माणूस फसेल. किल्ली फसत नाहीं, कारण ती चेहरा पाहतच नाहीं. तिला भीति नाहीं, दया नाहीं, आणि भाऊंची आठवणहि नाहीं. रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०२५ मध्यें काढलेल्या व १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरविलेल्या निर्देशांत, किमान दोन खुणांचा नियम कायम ठेवून लघुसंदेशाखेरीज इतर साधनांस मोकळीक दिली आहे, ती योग्यच म्हटली पाहिजे.

या व्यवस्थेवर एक आक्षेप घेतात, आणि तो खोटा नाहीं. दुसरी खूण हरवली तर खरा धनीच बाहेर राहतो. आणि वृद्धांस, किंवा घरांत एकच मोबाईल असणाऱ्यांस, हा त्रास अधिक. त्यावर उपाय आहेत. खातें सुरक्षित करतांना संस्था जे राखीव संकेत देते ते कागदावर उतरून रेशनकार्ड व विम्याच्या कागदांबरोबर कपाटांत ठेवावे. सर्वांत आधीं ई-मेलचें खातें दुहेरी करावें, कारण इतर अनेक खात्यांच्या हरवलेल्या किल्ल्या त्याच दारीं परत येतात. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथें तासांचाहि उशीर महाग पडतो.

राहतां राहिली मनाची गोष्ट. आमच्या समाजांत अधिकाराच्या स्वरांत बोलणाऱ्यास खूण मागणें उद्धटपणाचें समजतात, आणि ज्या पिढीनें दारीं आलेल्याच्या शब्दावर व्यवहार केले तिला हें विशेष जड जातें. पार्वतीबाईंच्या निष्ठेस आम्हीं नमस्कारच करूं. परंतु त्या निष्ठेच्या आधारानें कोंकणांतले किल्ले जाऊं लागले, तेव्हां पुण्याच्या कारभाऱ्यांस खरें-खोटें निराळ्या मापानें मोजावें लागलें. घरांतील तरुणांनीं वडील मंडळींच्या खात्यांस दुसरी खूण लावून द्यावी, आणि लावतांना इतकें समजावून सांगावें कीं, फोनवरच्या साहेबास ‘सांगत नाहीं’ असें म्हणून फोन ठेवणें हें असभ्यपण नव्हे. माणूस खरा असेल तर त्यास दुसऱ्या खुणेचा राग येण्याचें कारण नाहीं.